आजोबांच्या ट्रंकेतलं लढाऊ विमान : हॉलमध्ये लावू का?

साखरपेठकर | रविवार, सकाळी १०:१२

मंडळी नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढलाय. माळा उपसताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा मिलमध्ये साचेखात्यात (मागांच्या विभागात) जॉबर, म्हणजे मुकादम होते, १९९४ ला गेले. ट्रंकेत मिलचा पितळी बिल्ला, धागे मोजायचं घडीचं भिंग, दोन धोतरं आणि सगळ्यात तळाला धोतरातच गुंडाळलेलं एक फ्रेम केलेलं चित्र. चित्रात लढाऊ विमान. साधारण दीड फूट बाय एक फूट.

वर्णन करतो, कारण काचेवर इतके डाग आहेत की फोटोत काहीच दिसेना. विमान हिरवं आणि राखाडी, गोधडीसारखं ठिगळाठिगळाचं. पंखा चार पात्यांचा. खाली दाट जंगल आणि मातकट नदी. पंखांवर गोल चकत्या, बाहेर गडद निळं आणि आत फिकट निळं. विमानाच्या अंगावरही तशीच चकती आणि तिच्यावरून एक काळी मांजर झेप घेतेय. मुलीला मांजर फार आवडली, ती आता हे चित्र आपल्या खोलीत मागतेय.

घरात कोणी सैन्यात नव्हतं. आजोबांनी हे कुठून आणलं, कोणालाच माहीत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "असंल कुठलं तरी," आणि शेंगा निवडायला लागली.

माझे प्रश्न : विमान कोणतं? चित्र हाताने काढलंय की छापील? आणि हॉलमध्ये शोभेल का? भिंत फिकट पिस्ता रंगाची होणार आहे. बायकोचं म्हणणं, हॉलमध्ये निसर्गचित्र असावं. मी म्हटलं, यात नदी आहे की.

कडक_भाकरी | रविवार, सकाळी १०:३१

सोलापुरात विमान उतरवायचं म्हटलं की आधी काहीतरी पाडावं लागतंय ओ. विमानतळासाठी कारखान्याची चिमणी पाडली, तुम्ही घरातलं काय पाडणार ते ठरवा. (वहिनींचं निसर्गचित्र पाडू नका.)

छोटी_विमानं | रविवार, सकाळी ११:०५

मी विमानांची प्लॅस्टिक मॉडेलं जोडतो, १/७२ आणि १/४८ मापाची, त्यामुळे चकत्या आणि रंग हाच माझा रोजचा उद्योग. तुमचं वर्णन वाचून हातातला ब्रश खाली ठेवला.

आधी चकती. ब्रिटिश विमानांवर एरवी मधोमध लाल ठिपका असतो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तो काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळाच असायचा आणि घाईत आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून तिथल्या विमानांवर आधी निळा-पांढरा आणि मग गडद निळा-फिकट निळा अशा चकत्या आल्या. म्हणजे तुमचं चित्र युरोपातलं नाही, ब्रह्मदेशातलं आहे. जंगलही जुळतं.

आता सांगा, पंखांचा आकार वरून कसा दिसतो? टोकाकडे गोलाई घेत निमुळता होत जातो की सरळ पट्टीसारखा आहे? आणि शेपटीखालचं चाक दिसतंय का?

साखरपेठकर | रविवार, सकाळी ११:२०

पंख पिंपळाच्या पानासारखे. चाक नाही.

छोटी_विमानं | रविवार, सकाळी ११:२६

मग स्पिटफायर. हरिकेनचे पंख जाड आणि पोट फुगीर असतं. चार पाती आणि आत ओढलेलं शेपटीचं चाक म्हणजे बहुधा मार्क आठ, स्पिटफायरचा आठवा प्रकार. हे विमान १९३६ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं आणि युद्ध संपेपर्यंत त्याचे इतके प्रकार निघाले की नुसतं 'स्पिटफायर' म्हणणं म्हणजे नुसतं 'चटणी' म्हणण्यासारखं आहे.

आणि ती मांजर नाही हो. तो काळा बिबट्या आहे. ब्रह्मदेशात ज्या स्पिटफायरच्या चकतीवरून काळा बिबट्या झेपावतो, ती १५२ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी. तिचं पूर्ण नाव वाचून खुर्ची घट्ट धरा : १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

कडक_भाकरी | रविवार, सकाळी ११:२९

कुठलं हैदराबाद? बिर्याणीवालं?

छोटी_विमानं | रविवार, सकाळी ११:४४

तेच. निजामाने ब्रिटिश हवाई दलाला पैसे दिले म्हणून त्याच्या संस्थानाचं नाव. या स्क्वाड्रनच्या अधिकृत बिल्ल्यावर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी आहे आणि ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू दोस्त'. ही सवय निजामाला पहिल्या महायुद्धापासूनची. १९१८ मध्ये ११० नंबरच्या स्क्वाड्रनला लागणारी डीएच-९ए जातीची विमानं त्यानेच दिली होती. त्यातलं एक आजही लंडनच्या हेंडन संग्रहालयात आहे, अंगावर निजामाच्या देणगीची ओळ मिरवत.

दक्षिण_कसबा | रविवार, दुपारी १:१५

रंगात आलेल्या धाग्यात खडा टाकतोय, माफ करा.

आपल्या गावाने १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या चौकातून आपण रोज जातो. त्या गावातल्या हॉलमध्ये गोऱ्यांचं विमान?

आणि नुसतं गोऱ्यांचं असतं तरी एक वेळ ठीक. ब्रह्मदेश, १९४४ म्हणजे समोर जपान्यांबरोबर कोण होतं? आझाद हिंद सेना. इम्फाळच्या त्या आघाडीवर ब्रिटिश विमानं फक्त जपान्यांवर गोळ्या झाडत नव्हती. वर निजामाचा पैसा. सोलापूर निजामाच्या हद्दीला खेटून आहे, रझाकारांच्या काळात तिकडून पळून आलेली किती घरं इथे आहेत ते आपल्यालाच माहीत आहे. विमान देखणं आहे, मान्य. तलवारही देखणी असते, पण ती कोणाची हे बघूनच आपण भिंतीवर लावतो.

निवृत्त_फिटर | रविवार, दुपारी ४:५०

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. दक्षिण_कसबा यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, पण अर्धा वाटतो.

त्याच आकाशात आपलीही पोरं होती. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. ब्रह्मदेशात आपल्या स्क्वाड्रन लायसँडर, हरिकेन आणि व्हेन्जन्स चालवत होत्या. सहा नंबरच्या स्क्वाड्रनचे मेहर सिंग, ज्यांना सगळे बाबा म्हणत, हरिकेनमधून जंगलावर खाली जाऊन जपान्यांच्या वाटा शोधायचे. तेच बाबा मेहर सिंग १९४८ मध्ये डाकोटा घेऊन लेहला उतरले, नकाशात नीट रस्ता नसताना. इंग्रजांच्या विमानावर शिकलेले हात पुढे काश्मीर वाचवायला कामी आले. त्या हातांना 'गोऱ्यांचे' म्हणणं मला जमणार नाही.

मात्र मी स्वतः घरात लढाऊ विमानाचं चित्र लावलेलं नाही. खूप जणांनी भेट दिली, सगळी कपाटात. विमान खालून कसं दिसतं ते लोकांना आवडतं. आम्ही ते परत आल्यावर जवळून बघायचो. कधी परत यायचंच नाही. लावायचं झालं तर मी लिबरेटरचं लावेन. इंग्रज जाताना ही बाँबफेकी विमानं कानपूरला मोडूनतोडून टाकून गेले होते, म्हणजे आपल्याला वापरता येऊ नयेत अशी. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती जुळवली आणि बंगलोरला उडवत नेली. १९६८ पर्यंत ती आपल्याकडे सेवेत होती. फिटर लोकांच्या दृष्टीने युद्धातलं याच्याइतकं सुंदर चित्र दुसरं नाही, पण ते कोणी काढत नाही.

कडक_भाकरी | रविवार, संध्याकाळी ६:०२

काका, सलाम.

वातावरण जड झालंय म्हणून एक खरा किस्सा. मित्राने ऑनलाइन जर्मन मेसरश्मिटचा मोठा कॅनव्हास मागवला. शेपटीवर ते तिरकं स्वस्तिक. त्याच्या आजीने बघितलं, "अगं बाई, विमानाची पण पूजा केलीय," म्हणून कुंकू लावलं. पाच हजारांच्या चित्रावर ओलं कुंकू. नंतर त्याने आजीला समजावलं की ते आपलं नव्हे, कोणाचं आहे आणि त्यांनी काय केलं. आजी दोन दिवस गप्प. मग म्हणाली, "काढ ते." काढलं. भिंतीला खिळा तेवढा राहिला, त्याला आता पिशव्या अडकवतात.

अनघा_पु | रविवार, रात्री ९:१०

माहेर सोलापूर, सध्या पुण्यात. जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करणं हे माझं काम, तेव्हा तेवढ्यापुरतंच बोलते.

सगळ्यात आधी : फ्रेमवाला काय म्हणतोय? प्लायवर चिकटवून वरून चकचकीत लॅमिनेशन, असंच ना? करू देऊ नका. देवाच्या फोटोंची त्यांना सवय असते आणि तिथे ते चालतं. जुना कागद एकदा गोंदाने चिकटवला की संपला, मागे काय आहे तेही कायमचं गेलं. मागची बाजू नक्की बघा, निम्मी माहिती तिथे असते.

छापील की हाताने काढलेलं, याचं उत्तर तुमच्या ट्रंकेतच आहे. धागे मोजायचं ते भिंग. छपाईवाले लोक हेच भिंग वापरतात. चित्राच्या आकाशावर ठेवा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ओळीने, फुलासारखे मांडलेले दिसले तर ऑफसेटची छपाई. रांगोळीची पूड भुरभुरल्यासारखे अस्ताव्यस्त ठिपके दिसले तर अलीकडचा इंकजेट प्रिंट. आणि रंगाचे फराटे, कागदाचे खळगे दिसले तर मला लगेच फोटो पाठवा.

जागेबद्दल. सोलापूरची हवा कोरडी, कोकणासारखी बुरशी नाही, पण ऊन भयंकर. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलंत तर दोन-तीन उन्हाळ्यांत लाल-पिवळे रंग उडून सगळं निळसर होईल. कूलरच्या झोतासमोर नको, त्याच्या ओलाव्याने कागद लाटा घेतो. आणि जुनी भिंत असेल तर लोणा आलाय का बघा. फ्रेमच्या मागे खाली दोन बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये मोतिया रंगाचा, आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट. पांढराशुभ्र नको, जुना कागद त्याच्या शेजारी मळकट दिसतो. सोनेरी नक्षीची पट्टी तर मुळीच नको, विमान वरातीत निघाल्यासारखं दिसेल. साधं सागवान.

साखरपेठकर | सोमवार, रात्री ८:४०

अनघाताई, भिंग लावलं. ठिपके, ओळीने, फुलाफुलांचे. म्हणजे छापील. थोडा हिरमुसलो, खोटं का बोलू.

पण पुढे ऐका. आज फ्रेमवाल्याकडे गेलो, समोर उभं राहून मागचा पुठ्ठा उघडायला लावला. (तो "लॅमिनेशन करून घ्या साहेब" तीनदा म्हणाला.) कागदाच्या मागे कॅलेंडरचं पान निघालं! इंग्रजीत फेब्रुवारी. वर्षाचा कोपरा फाटलेला. कंपनीच्या नावाची फक्त शेवटची दोन अक्षरं उरलीत. पण तारखा शाबूत. १ तारखेला मंगळवार आणि शेवटची तारीख २९.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९:०५

लीप वर्ष! थांबा, गणित करतो. १ फेब्रुवारीला मंगळवार असलेलं लीप वर्ष दर २८ वर्षांनी. २०००, १९७२, १९४४.

आजोबा १९९४ ला गेले, म्हणजे २००० बाद. राहिलं १९७२ किंवा १९४४. ओ साखरपेठकर, चव्वेचाळीस असलं तर धाग्यावर पार्टी.

साखरपेठकर | सोमवार, रात्री ९:०८

हात थरथरतोय.

छोटी_विमानं | सोमवार, रात्री १०:३३

पार्टीवर पाणी टाकतो. १९४४ चं कॅलेंडर छापायचं तर चित्र १९४३ मध्ये तयार हवं. १५२ स्क्वाड्रन तेव्हा भूमध्य समुद्राकडे होती, इकडे आली ती १९४३ संपता संपता. काळ्या बिबट्याची ब्रह्मदेशातली विमानं त्यानंतरची. शिवाय भर युद्धात आपल्या स्क्वाड्रनच्या खुणा कोणी कॅलेंडरवर छापून वाटत नाही. म्हणजे १९७२. बाहेरच्या कुठल्या तरी कंपनीने जुन्या विमानांचं कॅलेंडर काढलं असणार.

निवृत्त_फिटर | मंगळवार, सकाळी ६:२०

१९७२ म्हटल्यावर मला तरी आश्चर्य नाही. डिसेंबर ७१ चं युद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या गावच्या सलूनमध्ये हिरोइनींचे फोटो काढून विमानं लागली होती. श्रीनगरवर एकट्या नॅटमधून लढलेले निर्मलजित सिंग सेखों, हवाई दलातले एकमेव परमवीर चक्र, पोरासोरांच्या तोंडी होते. विमान म्हणजे आपलं विमान. चकती कोणाची, बिबट्या कोणाचा, हे बघायला भिंग कोणाकडे होतं?

(तुमच्या आजोबांकडे होतं म्हणा.)

जकार्ड | मंगळवार, दुपारी १२:४५

पूर्व भागातून. आमच्याकडे वॉल हँगिंग विणतात, गणपतीपासून शिवाजी महाराजांपर्यंत. हे वाचून मनात आलं की विमान विणता येईल का. काल डिझाइनवाल्याशी बोललो.

अडचण अशी की विणकामात उभं आणि आडवं सोपं, तिरकं अवघड. पंखाची तिरपी कड जवळून जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. माणसाच्या चेहऱ्यात ते खपतं, विमानात डोळ्याला लगेच टोचतं. पण तुमच्या विमानाचे ठिगळाठिगळाचे रंग जकार्ड मागाला एकदम सोयीचे. हिरवा, राखाडी, दोन निळे, काळा. पाच बाण्यांत (आडव्या धाग्यांत) काम होईल. विमान मोठं करून पंखांची टोकं चौकटीबाहेर गेली तर कडांचा त्रास निम्मा होतो. पूर्वी याला पत्त्यांची माळच्या माळ टोचावी लागायची, आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, पण एकाच नगासाठी साचा बांधणं परवडत नाही. दहा-बारा जण तयार असतील तर बघू.

कडक_भाकरी | मंगळवार, दुपारी १२:५१

एक माझं. फक्त बिबट्या मोठा करा, विमान लहान.

दक्षिण_कसबा | मंगळवार, रात्री ८:००

१९७२ हे कळल्यावर माझा विरोध थोडा सैल झालाय, पण निजामाचा मुद्दा सोडत नाही, कारण त्यात आपलं गाव आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे मेजर जनरल चौधरींचं सैन्य हैदराबादवर निघालं ते सोलापूरच्या रस्त्याने. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. वर आपली टेम्पेस्ट विमानं होती. म्हणजे ज्या निजामाच्या नावाची विमानं १९४४ मध्ये ब्रह्मदेशात उडत होती, त्याच्यावरच चार वर्षांनी आपली विमानं गेली. 'विश्वासू दोस्त' हे ब्रीदवाक्य कोणाच्या दोस्तीबद्दल होतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. १८ तारखेला शरणागती.

साखरपेठकर, चित्र लावायचं तर लावा. पण खाली चार ओळी लिहून लावा, नाहीतर पोरीला वाटेल मांजरीचं विमान.

साखरपेठकर | बुधवार, रात्री ११:२५

दक्षिण_कसबा, तुमचा प्रतिसाद आज जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. नळदुर्गचं नाव आल्यावर आजीचा हात ताटात थांबला.

आजीचं माहेर नळदुर्गच्या अलीकडचं, हे मला माहीत होतं. बाकी काही माहीत नव्हतं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. म्हणाली, "आधी रात्री रझाकारांच्या भीतीनं रानात निजायचो. मग एक दिवस सकाळी वरून विमानं आली. आईनं मला आणि धाकट्याला बाजरीत पाडलं आणि वर स्वतः पडली. आपली का त्यांची, कोणाला ठाऊक? आवाज सगळ्यांचा सारखाच." बाजरीची कुसं गळ्यात टोचत होती, हे तिला अजून आठवतं. धाकटा नंतर कितीतरी दिवस गिरणीच्या भोंग्यालाही दचकायचा.

मग म्हणाली, "तुझ्या आजोबांनी ते चित्र मिलमधल्या कोणा साहेबाकडनं आणलं होतं, फ्रेम करून दारासमोर लावलं होतं. लई कौतुक त्यांना. भिंग लावून बघत बसायचे. मीच काढायला लावलं. एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी का म्हणून. धोतरात गुंडाळलं आणि ठेवून दिलं."

घरात बराच वेळ कोणी बोललं नाही. मी म्हटलं, आजी, राहू दे, परत ट्रंकेत ठेवतो. तर म्हणाली, "आता कशाला? लाव की. पोरीला आवडतंय. फक्त माझ्या खाटेसमोर नको."

तर ठरलं. हॉल रद्द, जिन्याच्या वळणावरची भिंत. आजीला गुडघ्यांमुळे वर जायचं नसतं. बायकोला हॉलमध्ये निसर्गचित्र मिळालं. मागचं फेब्रुवारीचं पान झाकलं जाऊ नये म्हणून फ्रेमवाल्याला मागेही काच बसवायला सांगितलीय. तो आता मला ओळखतो आणि मला बघून हसतो.

अनघा_पु | बुधवार, रात्री ११:४८

वाचून गळा दाटला. जिन्यात वरून ऊन येतं का?

साखरपेठकर | गुरुवार, सकाळी ७:१५

पत्रा आहे ताई, ऊन नाही. उन्हाळ्यात तापतो मात्र तव्यासारखा.

अनघा_पु | गुरुवार, सकाळी ७:३०

मग पत्र्यापासून निदान तीन फूट खाली लावा.

जकार्ड | गुरुवार, सकाळी ९:०२

वॉल हँगिंगची सात नावं झाली. आणखी तीन हवीत. बिबट्या मोठाच करतोय.